‘मी तिघांचं शिष्यत्व करतो’ : यात शिष्य कोण?

मूळ प्रश्न

आमच्या मंडळीत (गाव नगर जिल्ह्यात) दर मंगळवारी संध्याकाळी एक छोटा वर्ग भरतो. दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा चर्चमधला विधी) झालं, फोटो काढले आणि त्यानंतर नाताळखेरीज फिरकली नाहीत अशी पोरं गोळा करून एक तरुण बंधू तो घेतात. गेल्या रविवारी साक्षीच्या वेळी (आपला विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगतात तेव्हा) ते उभे राहिले आणि म्हणाले, “मी सध्या तिघांचं शिष्यत्व करत आहे.” मागच्या बाकावरून एक आजी पुटपुटल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत: “तीन-तीन गुरू? एक पुरत नाही होय?” पाळकसाहेबसुद्धा हसले.

बंधूंना म्हणायचं होतं की ते तिघांना शिकवतात. मग ‘शिष्यत्व करणे’ चूक का? आणि दुसरं, वर्गाच्या पत्रकावर ‘आध्यात्मिक वाढ’ छापलंय, तर जुनी माणसं ‘आत्मिक वाढ’ म्हणतात. फरक आहे की नुसती सवय?

प्रतिसाद १

आजींना पूर्ण गुण. मराठीत ‘कुणाचं तरी’ शिष्यत्व पत्करतात, आणि तो ‘कुणी’ म्हणजे गुरू. दास्य, चाकरी हे शब्द घेऊन बघा. ‘तो तिघांची चाकरी करतो’ म्हटलं तर चाकर कोण, याबद्दल शंका उरते का? शिष्यत्वाचंही तेच.

गोंधळ इंग्रजी पुस्तिकांच्या भाषांतरातून आला असावा असं मला वाटतं, पण मुळात खोच ग्रीकमध्येच आहे. ‘मथेतेस’ म्हणजे शिकणारा. त्यावरून झालेलं एकच क्रियापद मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात दोन्हीकडून वापरलंय. २८:१९ मध्ये येशू सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करायला सांगतो, तिथे ते ‘शिष्य करणे’. आणि २७:५७ मध्ये, येशूचं शरीर मागून नेणाऱ्या अरिमथाईच्या योसेफाबद्दल तेच क्रियापद येतं, तिथे अर्थ ‘शिष्य झालेला’. मराठीला असं दुतोंडी क्रियापद नाही, म्हणून ‘करा’ आणि ‘झाला’ वेगळे घ्यावे लागतात.

त्याहून मजेची गोष्ट अशी की आपल्याकडे रुळलेला वाक्प्रचार ‘गुरू करणे’ हा आहे. “अजून गुरू केला नाही का?” असं सहज विचारतात. म्हणजे निवड शिष्याची. शुभवर्तमानात दिशा उलटी: जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना, जकातीच्या नाक्यावर बसलेल्या माणसाला तो स्वतः हाक मारतो. योहान १५ मध्ये तर स्पष्टच सांगतो की तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हांला निवडलं. म्हणून ‘शिष्य करा’ हे मराठी कानाला किंचित खटकतं, आणि खटकू द्यावं. हल्ली ऐकू येणारं ‘शिष्य बनवा’ मात्र हिंदीची सावली आहे.

प्रतिसाद २

‘शिष्य’ आणि ‘शिस्त’ एकाच मुळातून आले का? आमच्या एका शिबिरात तसं ठासून सांगितलं होतं.

प्रतिसाद १ (पुन्हा)

नाही. इंग्रजीत डिसायपल आणि डिसिप्लिन सख्खे आहेत, दोन्ही लॅटिन ‘शिकणे’वरून. त्यावर बेतलेलं प्रवचन मराठीत आणलं की वक्त्याला शिष्य-शिस्त ही जोडी आयती सापडते. पण शिष्य हा संस्कृत ‘शास्’ धातूचा, शासन आणि शास्त्र यांचा भाऊबंद. आणि शिस्त फारसी, मूळ अर्थ नेम. बंदुकीची शिस्त धरतात ती.

प्रतिसाद ३

‘गुरू करणे’ ही अर्धीच गोष्ट झाली. वारकऱ्यांत ‘सद्गुरू भेटले’ असंच म्हणतात. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, तिथे तुकोबांनी कुठे निवड केली? आणि ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तेव्हा हाक आधी आणि शिष्य मागून, ही कल्पना मराठीला परकी नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मान्य. ‘भेटणे’ माझ्या ध्यानातून सुटलं होतं.

प्रतिसाद ४

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे ख्रिस्तसभा (चर्च), धर्मग्राम (पॅरिश), स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) हे शब्द. पाळक नाहीत, धर्मगुरू आहेत. त्यामुळे ‘गुरू’ शब्दाचं आम्हांला वावडं नाही. तरी मत्तय २३ वाचताना मी दरवेळी अडखळतो: स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच, तुम्ही सगळे भाऊ. त्या हिशेबाने त्या बंधूंचे ‘तिघे शिष्य’ही म्हणता यायचे नाहीत. ते तिघे त्यांचे नव्हेतच.

प्रतिसाद ५

मग सरळ म्हणा, ‘मी तिघांना हाताशी धरलंय.’

प्रतिसाद ४ (पुन्हा)

नको हो! ‘तलाठ्याला हाताशी धरून सातबारा फिरवला’ ही बातमी आठवते. ‘हाताला धरून शिकवतो’ म्हणा. एका अक्षराचा फरक, पण माणूस वाचतो.

प्रतिसाद ६

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नव्या करारातल्या पत्रांत ‘आत्मिक’च्या समोर ‘दैहिक’ उभा असतो, आणि आत्मा म्हणजे तिथे पवित्र आत्मा. ‘आध्यात्मिक’ म्हटलं की कानावर ध्यान, एकांत, आत्मज्ञान येतं. आता करिंथकरांस पहिलं पत्र, तिसरा अध्याय बघा. पौल म्हणतो, तुम्ही अजून तान्ही बाळं, दूधच पाजावं लागतं. वाढ खुंटल्याची खूण कोणती? ध्यान कमी पडलं ही नव्हे. तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत, ही. एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा (हा तिथला दुसरा शिक्षक). ही वाढ एकट्याने खोलीत बसून मोजता येत नाही, मंडळीतच दिसते. म्हणून माझं मत ‘आत्मिक’ला.

जाता जाता: ‘मंडळीची उन्नती’ यातल्या उन्नतीच्या जागी ग्रीकमध्ये घर बांधण्याचा शब्द आहे. आपल्या भाषांतरात विटा-माती गेली आणि बढतीचा वास राहिला.

प्रतिसाद ७

मी ख्रिस्ती नाही. ‘आमच्या मंडळीत’ वाचून आधी वाटलं, हा गृहस्थ बायकोबद्दल का बोलतोय?

मूळ प्रश्नकर्ता

ती मंडळी वेगळी! आमची एकवचनी, ‘मंडळी जमली’. इमारतीला आम्ही चर्चच म्हणतो. बंधूंना ही चर्चा वाचून दाखवली. ‘हाताला धरून’ त्यांना आवडलं. पण फ्लेक्स आधीच छापून आलाय, आणि छापणाऱ्याने ‘शिष्यत्व वर्ग’चं ‘शिष्यवृत्ती वर्ग’ केलंय. काल दोन पालक उत्पन्नाचा दाखला लागेल का, असं विचारून गेले.