अंगणात कृत्रिम हिरवळ: पैसा गवतात घालायचा की निचऱ्यात?

पिंप्राळेकर (जळगाव)
जळगावात नवा बंगला बांधला की पुढच्या अंगणात कृत्रिम हिरवळ टाकायची पद्धतच पडत चालली आहे. नळाला रोज पाणी नाही, मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास. अशात खरी लॉन जगवणं अवघड, हे मला मान्य. माझा वाद वेगळा आहे. गवत किती मिलिमीटरचं, चौरस फुटाला भाव काय, यावर तासभर घासाघीस होते. खाली काय टाकणार, हे कुणी विचारत नाही. आणि आपल्याकडे खाली काळी माती आहे.

ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्या शेजारी ठेकेदाराने ती नुसती सारखी केली, वर दोन बोटं वाळू पसरली आणि गवताचे रोल उलगडून दिले. पहिल्या मोठ्या पावसानंतर मी त्यावर चाललो, तर जोडावर टाच दाबली की काळं गढूळ पाणी वर यायचं. पोळ्यापर्यंत मधोमध खोलगट झालं, कडा फुगल्या, गवताखालून कुबट वास सुटला.

निदान सहा इंच माती काढायलाच हवी. तळाला उतार शंभराला एक ते दोन, म्हणजे दर दहा फुटांना सव्वा ते अडीच इंच. त्यावर जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, नाहीतर खडी पावसाळाभर चिखलात रुतत जाते. मग चार इंच खडी, वर इंचभर कच (दगडाचा बारीक चुरा), प्रत्येक थर धुम्मसने ठोकलेला. उताराच्या खालच्या कडेला छिद्रांचा पाईप, तोही कापडात गुंडाळून, थेट बाहेर काढलेला. एवढं करायचं नसेल तर गवत टाकूच नका.

भुसावळची आजी
पाण्याचं तुम्ही नीट सांगितलंत, पण उन्हाचं काय? भुसावळचा उन्हाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको. भर दुपारी या प्लास्टिकचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर जातो. माझा नातू एका लग्नघरी त्यावर अनवाणी पळाला आणि पाय उचलत रडत आला. पाणी मारून थंड करा म्हणतात. थोड्या वेळात पुन्हा तापतं. मग पाणी वाचलं कुठे?

हरळी लावा. उन्हाळ्यात पिवळी पडते, पण मुळं जिवंत असतात. मृगाचे दोन पाऊस झाले की आपसूक हिरवी होते. अंगण बारा महिने हिरवंच दिसलं पाहिजे हा हट्ट कशासाठी?

साक्री रोड, धुळे
भाऊ, तुम्हनं म्हणनं खरं शे, पण सगळ्या खान्देशाला एकच माप लावू नका. आमच्याकडे बऱ्याच प्लॉटवर फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. तिथे पाईप गटारात सोडण्यापेक्षा मुरमात शोषखड्डा घ्यावा. गटारात सोडलात आणि जोराच्या पावसात गटार तुंबलं, तर तेच घाण पाणी पाईपातून उलटं अंगणात येतं. पाईपाचं तोंड गटाराच्या भरल्या पातळीपेक्षा वर ठेवता येत नसेल, तर ती जागा या गवताच्या कामाची नाही.

केळीवाला, यावल
मी सरळ विरोधात आहे. यावल-रावेरकडे विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या तापी मेगा रिचार्ज योजनेची आपण वर्षानुवर्षं वाट बघतोय आणि घरापुढची जमीन मात्र प्लास्टिकने झाकतोय. वर तुम्ही सांगता, पाणी पाईपाने लवकर बाहेर काढा. जिरवायचं सोडून पळवायचं? शिवाय उन्हाने गवताचे तंतू ठिसूळ होऊन तुटतात, ते त्याच पाण्याबरोबर नाल्यात आणि शेवटी आमच्या वावरात येतात. पिकाच्या वाफ्यावर अंथरायच्या मल्चिंग पेपरचे (प्लास्टिकचे) तुकडे वेचता वेचता आधीच जीव मेटाकुटीला येतो.

पिंप्राळेकर (जळगाव)
दादा, जिरवण्याचा मुद्दा घ्या. ओली काळी माती पाणी जवळजवळ आत घेतच नाही. हजार चौरस फुटांवर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 2,300 लिटर पाणी. ते अंगणात डबकं करून डास वाढवतं, तुमच्या बोअरपर्यंत पोचत नाही. शिरपूर तालुक्यात पाणी जिरवायला राबवलेल्या शिरपूर पॅटर्नमध्ये नाले खोल केले ते वरचे थर पाणी खाली जाऊ देत नव्हते म्हणूनच. बोअरला द्यायचं तर गच्चीचं पाणी गाळून द्या. गवताखालचं पाणी त्यात मिसळू नका; तंतूंबद्दलची तुमची भीती रास्त आहे. पाईपाच्या तोंडाशी जाळीचा चेंबर ठेवून तो साफ करायलाच हवा.

आणि गच्चीची पन्हाळ गवतावर सोडू नका. गच्चीही तेवढीच मोठी असली तर अंगणावर दुप्पट पाणी येतं.

लँडस्केपवाला, चाळीसगाव
मी हीच कामं घेतो. दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. खडी-कापडाचा खर्च दाखवला की गिऱ्हाईक म्हणतं, 'दुसरा निम्म्यात करतो.' पण एक गोष्ट इथे कुणीच बोललं नाही: धूळ. चैत्र-वैशाखातल्या वावटळींनी काळी धूळ गवतात बसते, पहिल्या सरीत तिचा चिखल होतो आणि गवताच्या पाठीवरची भोकं बुजतात. खालचा निचरा कितीही चांगला असो, पाणी वरच तुंबतं. मृगाआधी ताठ ब्रशने उलट्या दिशेने झाडून धूळ काढा, नंतर तंतूंच्या मधे भरलेली सिलिका वाळू कमी झाली असेल तिथे पुन्हा टाका. वर्षातून एकदा हे काम जे करणार नसतील त्यांनी फरशी घालावी.

पिंप्राळेकर (जळगाव)
खर्चाचं म्हणता तर गिऱ्हाइकांनीही एक करावं. कच ठोकून झाली की गवत यायच्या आधी त्यावर टाकीभर पाणी सोडायला लावा. अर्ध्या तासाने जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे पुन्हा लेव्हल करून घ्या. हे पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

भुसावळची आजी
पन्हाळीचं पटलं, ती या आठवड्यात वळवून घेते. अंगणात मात्र हरळीच. कडेला कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत ती नीट धरत नाही, तिथे उघडी मातीच ठेवीन.