जलशामागं अंकही होता

राजकीय विडंबनाचे व्हिडिओ बघणारा हसतो आणि पुढं सरकतो, पुस्तकाला हात लावत नाही, असं म्हणतात, ते मला निम्मंच पटतं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले जलसे, म्हणजे गाणी-नाट्याचे कार्यक्रम, आठवा. ढाचा तमाशाचाच, पण त्यातनं सावकारी आणि भिक्षुकशाहीवर सरळ टीका. त्याच चळवळीचा, मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' हा अंक १९१०पासून निघत होता. इकडं कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. हसवणाऱ्यामागं वाचायला अंक होता, शिकायला शाळा होती. आजच्या चॅनेलवाल्यांनी व्हिडिओखाली निदान एका पुस्तकाचं नाव तरी द्यावं की!

माझ्या भाच्यानं शाहू महाराजांच्या १९०२च्या आरक्षणावरचा असलाच टवाळ व्हिडिओ बघून करवीर नगर वाचन मंदिरातनं शाहूचरित्र आणलं. निम्म्यात सोडलं, पण आरक्षणाचं प्रकरण तेवढं दोनदा वाचलं.