विषय: रविवारी तालमीनंतर त्या पेरूवियन-चायनीज चिकनवाल्याकडे जायचं का?

प्रेषक: कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या कार्यक्रमाची पहिली तालीम या रविवारी चार वाजता इथे न्यूयॉर्कात एल्महर्स्टच्या हॉलमधे आहे, सातपर्यंत आटपेल, त्यानंतर सगळ्यांनी एकत्र जेवूया असं ठरलंय. पुन्हा तोच बुफे नको असं बऱ्याच जणांनी सांगितलं. गटारीच्या आधीचा रविवार आहे, त्यानंतर निम्म्या घरांत श्रावण सुरू, त्यामुळे चिकनचा आग्रह जोरात आहे :) हॉलपासून चालत दहा मिनिटांवर एक पेरूवियन-चायनीज हॉटेल आहे, खिडकीत कोंबड्या फिरत असतात आणि पाटीवर चिकन पण लिहिलंय, फ्राइड राइस पण. कोणी गेलंय का? तिथे नक्की काय मागवायचं असतं? आणि शाकाहारी लोकांचं काय, ते पण कळवा.

- समितीतर्फे, स. (वुडसाइड)

---

प्रेषक: म. (जॅक्सन हाइट्स)

वहिनी, जायलाच पाहिजे. मी तिथे नेहमी जातो आणि आपल्या लोकांना कधी नेतोय असं मला केव्हापासून झालंय, म्हणून जरा लांब लिहितो, गोड मानून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे जाऊन नुसतं चिकन खाऊन परत यायचं नाही. चिकन आणि चाऊफा (म्हणजे तिथला फ्राइड राइस) दोन्ही एकाच टेबलावर पाहिजेत. बरेच जण म्हणतात की गिऱ्हाईक वाढावं म्हणून दोन हॉटेलं एकत्र केलीत, पण तसं अजिबात नाहीये, पेरूची राजधानी लिमामधे कुठल्याही गल्लीतला माणूस या दोन्ही गोष्टी आपल्याच समजून खातो आणि त्यामागे मोठा इतिहास आहे.

आधी चिकन. त्याला पोयो आ ला ब्रासा म्हणतात. आपण तंदुरीला कातडी काढतो, चिरा देतो, दही लावतो. इथे अख्खी कोंबडी कातडीसकट सोया सॉस, जिरं, लसूण, मिरी आणि आही पांका नावाच्या लाल मिरचीत मुरवतात आणि सळईवर ओवून विस्तवासमोर हळूहळू फिरवतात. कातडीखालची चरबी वितळून सारखी अंगावर ओघळत राहते त्यामुळे छातीचा भाग पण कोरडा होत नाही, आणि कातडी तर पापडासारखी कुरकुरीत होते. काकांना कोलेस्टेरॉलची काळजी असेल तर कातडी माझ्या ताटात टाका. जिऱ्यामुळे पहिल्या घासालाच आपल्या जिभेला ओळखीचं वाटतं, मला तरी वाटलं.

ही डिश फार जुनी नाही. १९५० मधे लिमाच्या बाहेर सांता क्लारा इथे रॉजर शूलर नावाच्या एका स्विस माणसाचा पोल्ट्रीचा धंदा होता, त्याने कोंबड्या नुसतं मीठ लावून निखाऱ्यांवर भाजून विकायला सुरुवात केली, ग्रांहा आसुल हे त्याचं हॉटेल. फ्रान्झ उलरिक या दुसऱ्या स्विस माणसाने त्याला बऱ्याच सळया एकदम फिरतील असं यंत्र बनवून दिलं. सोया सॉस आणि बाकी मसाला नंतर आला, आणि तो सोया पेरूच्या घराघरांत पोचला तो तिथल्या चिनी लोकांमुळे. आज पेरूमधे जुलैचा तिसरा रविवार या चिकनचा दिवस म्हणून साजरा करतात. आपली तालीम नेमकी त्याच रविवारी आहे, तेव्हा मुहूर्त पण चांगला आहे.

आता चाऊफा. १८४९ ते १८७४ या काळात चीनमधून, मुख्यतः ग्वांगडोंगकडून, साधारण एक लाख माणसं करारावर पेरूला नेली. करार आठ वर्षांचा. १८५४ मधे तिथली गुलामगिरी बंद झाली तेव्हा उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर जे काम गुलाम करायचे ते या लोकांच्या गळ्यात पडलं, आणि चिंचा नावाच्या बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचं खत खणायचं कामही, ते तर फारच वाईट, कित्येक तिथेच मेले. मजुरीबरोबर जो शिधा मिळायचा त्यात तांदूळ असायचा. करार संपवून जे जिवंत बाहेर पडले त्यातले बरेच लिमाच्या मुख्य मंडईजवळ कापोन गल्लीत येऊन राहिले, दुकानं काढली, छोट्या खानावळी काढल्या. १९२० च्या दशकात त्यातून नीट टेबल-खुर्चीची हॉटेलं झाली, त्यांना तिथे चीफा म्हणतात, आणि मग लिमातले पैसेवाले लोकही तिथे जायला लागले. ज्या माणसांना सगळ्यात खालचं समजलं जायचं त्यांचा भात आज अख्खा देश रोज खातो. म्हणून चाऊफाला कोणी साइड डिश म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडच्या गाडीवरच्या फ्राइड राइसची अपेक्षा ठेवून जाऊ नका, शेजवान वगैरे काही नसतं. मोठ्या आचेवर कढईत परतलेला मोकळा भात, आलं, पातीचा कांदा, अंडं, सोया, बस. तिखट पाहिजे तर हिरवी चटणी टेबलावर येते, आही वेर्दे, इथे न्यूयॉर्कात ती बहुतेक हालापेन्यो, कोथिंबीर आणि मेयोनीजची करतात. चिकनला पण तीच, भाताला पण तीच, जास्तीची वाटी आधीच मागून ठेवायची कारण पहिली लगेच संपते.

लोमो साल्तादो पण प्रसिद्ध आहे, कांदा-टोमॅटो-सोयामधे परतलेल्या मांसाच्या पट्ट्या, त्यातच फ्रेंच फ्राईज मिसळलेल्या आणि बाजूला परत भात. पण ते बीफ असतं हे आधीच सांगून ठेवतो, आपल्यात बरेच जण खात नाहीत. त्यांनी पोयो साल्तादो सांगायचं, तेच सगळं चिकनमधे. प्यायला इंका कोला पोरांना आवडेल, पिवळंधमक आणि भयंकर गोड. मोठ्यांनी चिचा मोरादा घ्या, जांभळा मका अननसाच्या साली, दालचिनी आणि लवंग घालून उकळतात, मग लिंबू पिळतात. माझ्या आईला ते इतकं आवडलं की तिने घरी करून बघायला मका शोधायला लावला.

मॅनहॅटनमधे अप्पर वेस्ट साइडला फ्लोर दे मायो नावाचं हॉटेल आहे तेही याच घराण्यातलं, आणि नदीपलीकडे न्यू जर्सीत पॅटरसनला तर पेरूच्या लोकांची मोठी वस्तीच आहे. पण तालमीनंतर भूक लागलेली असताना ट्रेन बदलत कोण जाणार, आपलं गल्लीतलंच बरं.

- म.

---

प्रेषक: शि. काकू (फॉरेस्ट हिल्स)

अरे म., छान लिहिलंस, पण आम्ही सहा-सात शाकाहारी माणसं आहोत त्यांचं कुठे आलं यात? दर वेळी "तुमच्यासाठी फ्राईज आहेत ना" असं ऐकून आम्ही घरी येऊन वरणभात लावतो. तिथे खरंच पोटभर मिळणार असेल तरच हो म्हणा, नाहीतर आम्ही तालीम झाली की निघतो, राग नाही.

- काकू

---

प्रेषक: म. (जॅक्सन हाइट्स)

काकू, बरोबर आहे तुमचं, ते मीच तुम्हाला आधी लिहायला हवं होतं. भाज्यांचा चाऊफा मिळतो, मागवताना "सिन वेवो" म्हणायचं म्हणजे अंडं घालत नाहीत, मी स्वतः काउंटरवर उभं राहून सांगेन. तोस्तोनेस आहेत, कच्ची केळी तळून, चेपून, परत तळलेली, आणि पिकलेल्या केळ्यांचे गोड काप पण असतात. युका म्हणजे आपण ज्यापासून साबुदाणा करतो तोच कंद, तो तळून देतात, बाहेरून कडक, आत मऊ. अवोकाडोचं सॅलड भरपूर मोठं येतं. पापा आ ला वानकायना पण घ्या, उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचा दाट सॉस, वर उकडलेलं अंडं ठेवतात ते काढायला सांगू.

तीन गोष्टी मात्र टाळा. घेवड्याच्या उसळीत कधीकधी डुकराचं मांस असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि सूप भाज्यांचं लिहिलं असलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं. हिरव्या चटणीत मेयोनीज, म्हणजे अंडं. कढई सगळ्यांची एकच आहे, ते ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी मी घरून मसालेभात घेऊन येतो, हॉलवरच खाऊन निघू.

- म.

---

प्रेषक: र. (लाँग आयलंड)

सगळ्यांना नमस्कार. मी इथे क्वचित लिहितो. मी मॉरिशसचा मराठी, आमचे पूर्वज रत्नागिरीकडून मुंबईच्या बंदरातून करारावर उसाच्या मळ्यात गेले. १८३४ पासून माणसं यायला लागली, तिकडे १८३५ मधे गुलामगिरी बंद झाली आणि मळ्यांना हात पाहिजे होते. म. यांनी पेरूचं लिहिलं ते मी दोनदा वाचलं, कारण हे आमच्याच घरातलं आहे.

आमच्याकडे चिनी माणसं दुकानदार म्हणून आली. प्रत्येक गावात कोपऱ्यावर चिनी दुकान, मळ्यातले मजूर वहीवर उधारीने तांदूळ, तेल, मासे घ्यायचे आणि पगार झाला की फेडायचे. माझी आजी त्या दुकानदाराबद्दल नेहमी आदराने बोलायची. त्यांच्याच हातचं एक जेवण आज सगळा मॉरिशस खातो, बोल राँवेर्से. वाडग्यात खाली तळलेलं अंडं, वर सोयात परतलेलं चिकन आणि भाज्या, वर भात दाबायचा आणि ताटात उलटं करायचं. आमची मराठी मुलं गणेश चतुर्थीला मोदक खातात (तिकडे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते) आणि दुसऱ्या दिवशी हे.

रविवारी मी येतोय. मुलांनाही आणतो, त्यांना या गोष्टी तालमीपेक्षा जास्त लक्षात राहतील.

- र.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

र. दादा, तुम्ही येताय हे वाचून फार आनंद झाला, जेवताना हे सगळं परत सांगा, मुलं शेजारी बसवते.

ठरलं तर मग. आत्तापर्यंत एकवीस नावं आलीत, त्यातले सात शाकाहारी. म., तू शनिवारी जाऊन टेबलं जोडून ठेवायला सांग आणि सहा अख्ख्या कोंबड्या आधीच सांगून ठेव, रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गर्दी असते म्हणे. काकू, मसालेभात तुमच्यासाठी येतोच आहे, पण तो तळलेला युका पण खाऊन बघा. पैसे तिथेच वाटून घेऊ, लहान मुलांचे नाही. ज्यांनी अजून कळवलं नाही त्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा, आणि पेटी कोण आणणार ते पण.

- स.