कारध्याच्या लहान पुलाची पातळी कशी वाचावी?

मोहाडीकर
आमचे शेत मोहाडी तालुक्यात वैनगंगेच्या काठी आहे. भंडारा शहरालगतच्या कारधा येथील ब्रिटिशकालीन लहान पुलाची पाणीपातळी पावसाळ्यात रोज मोबाइलवर येते आणि धोक्याची पातळी 245.50 मीटर असल्याचे त्यात लिहिलेले असते. नदी तेवढी खोल आहे, असे गावातील काही जाणती मंडळी ठामपणे सांगतात, पण मला ते पटत नाही. काठावरचा मोटारपंप केव्हा वर काढावा, हे या आकड्यावरून ठरवता येईल का?

कारधेकर
ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे, खोलीशी तिचा संबंध नाही. त्यामुळे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांकडे लक्ष द्यावे आणि एका वाचनापेक्षा दोन वाचनांमधील वाढ पाहावी. दोन तासांत अर्धा मीटर चढलेली नदी धोक्याच्या रेषेखाली असली तरी गाफील राहू नये. आमच्याकडे मात्र मीटर कोणी विचारत नाही. महामार्गावरच्या मोठ्या पुलावर गर्दी जमते ती लहान पूल बुडाला की नाही एवढेच पाहायला, आणि तो बुडाला की नदीकाठची घरे सामान आवरू लागतात.

पवनीकर
वरील उत्तर योग्यच आहे, परंतु मोहाडी तालुका कारध्याच्या वरच्या अंगाला असल्याने फुगलेले पाणी आधी आपल्या शेतातून जाते आणि मग त्या पुलाखाली पोचते, हे विसरू नये. आपण शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचा विसर्ग आणि बाघ व बावनथडी या नद्यांची स्थिती पाहावी. ऑगस्ट 2020 अखेरच्या महापुरातही मध्य प्रदेशातून आलेल्या पाण्याचा मोठा वाटा होता. कारध्याचा आकडा आपल्याला दुसऱ्या कारणासाठी उपयोगी आहे: खाली गोसीखुर्द जलाशयाची पूर्ण संचय पातळीही 245.50 मीटरच आहे आणि आंभोऱ्याला कन्हान येऊन मिळते, त्यामुळे खालचे पाणी तुंबलेले असेल तर पूर ओसरायला वेळ लागतो.

धानउत्पादक
पंपापुरते सांगतो. वरून विसर्ग वाढवल्याचा निरोप आला की दिवसाउजेडीच पंप काढून घ्यावा. पाणी स्टार्टरच्या पेटीपर्यंत पोचले असेल, तर वायरमनने लाइन बंद केल्याची खात्री होईपर्यंत कशालाही हात लावू नये, मग पंप वाहून गेला तरी चालेल.