शिष्यपण आणि केडगावचा छापखाना
‘येशूचा शिष्य व्हायचं तर घरदार सोडून मिशनकार्याला वाहून घ्यावं लागतं’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. शिष्यानं आपला वधस्तंभ (क्रूस) उचलून येशूमागे यावं, हे लिहिताना बायबलमधल्या शुभवर्तमानाचा लेखक लूक (९:२३) ‘दररोज’ म्हणतो. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत त्या ठिकाणी हा शब्द नाही. मला तो फार मोलाचा वाटतो. दररोज म्हटलं की चूल, दुकान, ऑफिस सगळं आलंच.

पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे निराधार बायका-मुलींसाठीची त्यांची संस्था घ्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेल्या मराठी बायबलची छपाई तिथल्याच बायकांनी केली! छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणं, कागद लावणं, बांधणी. वर्षानुवर्षं रोज तेच काम. प्रार्थनेइतकीच ती त्यांची भक्ती होती, असं मी मनापासून मानते.