खरेदीसाठी कमिशनवर माणूस नेमायचाय, कागद कसा करावा?

दादरचा_दुकानदार
तयार कपड्यांचं दुकान आहे, भागीदारी पेढी. मूळजी जेठा आणि मंगलदास मार्केटमधून कापड उचलायला कमिशनवर माणूस नेमतोय. एका व्यापाऱ्याकडे २ लाखांपर्यंतच, ३० दिवसांच्या उधारीवर. त्याने ३ लाखांचा माल उचलला तर वरचे पैसे कोणाचे? कुलमुखत्यारपत्र लागेल का? जाणकारांनी सांगावं.

कलम_२३७
कुलमुखत्यारपत्राची गरज नाही. मालखरेदीचा अधिकार तोंडीही चालतो (करार कायदा १८७२, कलम १८६). दस्त नोंदणीचं काम असतं तर गोष्ट वेगळी.

खरी मेख मर्यादेत आहे. २ लाखांची अट तुमच्या आणि त्याच्या करारात लिहिलीत आणि व्यापाऱ्याला पत्ताच नसेल, तर ती फक्त तुमच्या दोघांत. तुमच्या वागण्यावरून व्यापाऱ्याने 'याला अधिकार आहे' असं धरलं, की ३ लाख तुमच्याच बोकांडी (कलम २३७). मागून त्या माणसाकडून वसूल करत बसा. दोन-तीनदा जास्तीची बिलं बिनबोभाट चुकती केलीत तर पत्र देऊनही उपयोग नाही, मर्यादा तुम्हीच मोडली असं दिसतं.

म्हणून पत्र व्यापाऱ्याच्या नावे काढा, पेढीच्या लेटरहेडवर, आणि दुसऱ्या प्रतीवर त्याची पोच घ्या. त्यात त्या माणसाचं नाव, फोटो, सहीचा नमुना, कोणता माल, एकूण येणे बाकी २ लाखांवर जाता कामा नये, उधारी किती दिवस, पत्र कोणत्या तारखेपर्यंत चालेल. 'एका बिलाला २ लाख' असं लिहू नका, दिवसात चार बिलं फाडली जातात. रोख रक्कम याच्या हाती देऊ-घेऊ नये, पैसे खात्यातून खात्यात, हेही लिहा. उधारी नको असेल तर तसं स्पष्ट हवं. बाजारात उधारी रूढ आहे, त्यामुळे गप्प राहिलात तर तोही अधिकार त्यात आलाच (कलम १८८).

व्यापाऱ्याला मर्यादा ठाऊक असूनही त्याने माल दिला, तर जास्तीचा भाग वेगळा काढता येतो का ते बघतात. वेगळी बिलं असतील तर मर्यादेतलं तुमच्यावर, बाकीचं नाही. सगळं एकाच ठोक रकमेत असेल तर अख्खा सौदा नाकारता येतो (कलम २२७, २२८). पण नाकारायचं तर लगेच. गाठी उघडून ठाण कापलंत की मान्य केल्यासारखंच, आणि अर्धा सौदा मान्य, अर्धा अमान्य असं चालत नाही (कलम १९९).

त्या माणसाशी वेगळा करार ५०० रुपयांच्या स्टँपवर करा.

चोपडीवाला
सहीबद्दल. मालाच्या चलनावर '(पेढीचं नाव) करिता, अधिकृत प्रतिनिधी' असं लिहूनच सही. पेढीचं नाव उघड केलं नाही तर तो स्वतः बांधला गेला असं गृहीत धरतात (कलम २३०). हुंडी किंवा चेकवर तर आणखी कडक नियम आहे. त्यामुळे असल्या कागदावर त्याने सहीच करू नये. पेढीचा शिक्का गल्ल्यातच ठेवा.

आणि बिल कोणाच्या नावे येणार? तुमच्या जीएसटी क्रमांकावर आलं तर सरळ. त्याच्या नावे येऊन तो पुढे तुम्हाला बिल करणार असेल, तर तुम्हा दोघांतली मालाची देवाणघेवाणही जीएसटीच्या अनुसूची १ खाली पुरवठा, म्हणजे करपात्र व्यवहार, ठरते. मुंबईच्या बाजारात पक्का आडत्या (स्वतःच्या जबाबदारीवर सौदा पुरा करणारा दलाल) आपल्या गिऱ्हाइकाशी एजंट म्हणून नव्हे, स्वतःच दुसरा पक्ष म्हणून उभा राहतो, हे मुंबई हायकोर्टाने १९०५ सालीच मान्य केलंय. असा माणूस हवा असेल तर वरचं पत्रच देऊ नका.

दादरचा_दुकानदार
आभार. त्याला काढून टाकला तर?

कलम_२३७
त्याला कळवलंत की तुमच्या-त्याच्यातलं संपलं. व्यापाऱ्याच्या बाबतीत मात्र त्याला कळेल तेव्हाच (कलम २०८). पोच दिलेल्या प्रत्येक दुकानाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप आणि स्पीड पोस्ट, आणि मूळ पत्र परत मागा. त्या तारखेची खातेउताऱ्याची प्रतही मागवून घ्या, कारण भांडण पुढे 'आधी उचलला की नंतर' यावरच होतं.