गोधडीतला आठवणीचा कपडा: कसा लावता, कसा टिकवता?

आजीचं लुगडं, बाबांचा सदरा, बाळाचं झबलं. गोधडीतला एकेक तुकडा कुणाचा ना कुणाचा असतो. पण जो कपडा सगळ्यात जिवाभावाचा, तोच बहुधा सगळ्यात विरलेलाही असतो आणि दोन-तीन धुण्यांत आधी तोच फाटतो. तो टिकावा म्हणून काय करता, नेमकं लिहा.

~

आधी कपडा उजेडासमोर धरा, मग चिमटीत घेऊन हलकेच ताणा. चर्र आवाज आला तर सुतात जीव उरलेला नाही. असा तुकडा एकटा लावायचा नाही. तो कापण्याआधीच मागे मऊ मलमल ठेवा, कापायच्या रेषेच्या बाहेर १ सेंमी येईल एवढी. दोन्हींवर कच्चा धावदोरा घाला आणि मगच कात्री लावा. आधी कापलं तर कडेचे धागे सुटत जातात आणि तुकडा हातातल्या हातात लहान होतो.

गळ्याशी येणारी कड सगळ्यात आधी मळते नि झिजते. तिथे घट्ट विणीचं कापड, नाजूक तुकडे मध्यावर.

~

जरीचा काठ उसवून वेगळा ठेवा. सुती कापड आटतं, काठ तेवढा आटत नाही, मग कडेने चुण्या पडतात. शिवाय अंगाला टोचतो.

~

थरांबद्दल सविस्तर लिहिते, कारण बिघडतं ते इथेच. सुती साडीचे सव्वादोन मीटरचे दोन तुकडे कडेला कड जोडले की दोघांच्या गोधडीचं अस्तर होतं. त्यावर जुन्या साड्यांचे दोन-तीन थर, सर्वांत वर तुकडे. पाचाच्या वर थर गेले की सुई उभी जात नाही आणि खालच्या बाजूला टाके लांब-तोकडे पडतात. सगळं जमिनीवर अंथरून कोपऱ्यांवर वजन ठेवायचं आणि तळहात मध्यापासून कडेकडे फिरवत प्रत्येक थर सपाट करायचा. मग मधून बाहेर जात, वीत-वीत अंतरावर कच्चे टाके. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. कडेकडून आत येणारा धावदोरा ढिलं कापड पुढे ढकलत नेतो आणि शेवटी मध्यावर फुगा येतो. तो टाक्यांखाली दाबला तर कायमची चुणी. तेवढ्या ओळी उसवलेल्या बऱ्या.

दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की पीळ पडून गाठी होतात. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर.

~

विरलेल्या तुकड्यावर बोटभर अंतर जास्त होतं, तिथे अर्धं बोट ठेवा. टाके जवळ असले की ताण वाटला जातो. आणि दोरा सुतीच हवा. नायलॉनचा दोरा स्वतः तुटत नाही, जुनं कापड कापतो. तुटायचं तर दोऱ्याने तुटावं, तो परत घालता येतो.

~

गडद लाल-निळ्या कपड्यावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग लागला तर तो सुटायचा थांबेपर्यंत कपडा वेगळा धुवा. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही.

~

सदऱ्याचा खिसा अख्खा ठेवायचा असेल तर बटण काढा आणि आजूबाजूच्या जाड शिवणी उसवा, नाहीतर सुई मोडते. कोणता तुकडा कुणाचा, हे अस्तराच्या कोपऱ्यावर दोऱ्यानेच भरा. साधी शाई धुण्यात जाते.

~

ओली गोधडी फार जड होते. एका दोरीवर टाकली तर सगळा भार मधल्या टाक्यांवर येतो, म्हणून दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरा. वरून कोरडी लागली तरी आतला थर ओला असू शकतो, आणि तशीच घडी केली की बुरशीचे काळे ठिपके येतात, ते निघत नाहीत. जाड जागी दाबून गालाला लावून बघा. गार लागली तर अजून वाळू द्या.